दऱ्यांचा दर्या कसा झाला : एका मुक्त स्रोत प्रकल्पाच्या शिळ्या पानाचे प्रकरण

गिरगावात ठाकुरद्वारजवळच्या एका गल्लीत, चाळीच्या तळमजल्यावर अक्षरजुळणीचे एक छोटे दुकान आहे. ते चालवणाऱ्या ताई दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका आणि अधूनमधून एखादे पुस्तक यांची जुळणी करून देतात. आम्ही चौघे फावल्या वेळात एक मुक्त स्रोत साधन, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि सुधारता येतो असा संगणकाचा प्रोग्राम, सांभाळतो. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर ते युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, आणून देते, आणि ताई त्याच्या अगदी पहिल्या वापरकर्त्यांपैकी एक आहेत. एका पावसाळ्यात सह्याद्रीतील भटकंतीवरच्या एका पुस्तकाचा मजकूर त्यांनी या साधनातून काढला आणि त्यातले असंख्य शब्द बिघडले. त्यांचे काहीही चुकले नव्हते. आमच्या संकेतस्थळावरील मार्गदर्शिकेचे पान त्यांनी नीट वाचले होते आणि त्यात लिहिले होते तेच केले होते. ते पान मात्र साधनाच्या जुन्या आवृत्तीचे होते, आणि ते जुने आहे हे त्या पानावर कोठेही लिहिलेले नव्हते.

प्रोग्राम पुढे जातो आणि त्याविषयीचे लेखन, म्हणजे डॉक्युमेंटेशन, मागे राहते, ही मुक्त स्रोत प्रकल्पांची जुनी तक्रार आहे. असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहब या संकेतस्थळाने २०१७ मध्ये केलेल्या मुक्त स्रोत सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुरे किंवा कालबाह्य डॉक्युमेंटेशन ही सर्वत्र आढळणारी अडचण असल्याचे सांगितले, आणि त्याच सर्वेक्षणात योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांनी आपण डॉक्युमेंटेशनमध्ये क्वचितच भर घालतो किंवा कधीच घालत नाही असेही सांगितले. हे आकडे आम्हाला आधीपासून ठाऊक होते. तरीही आमच्याकडे नेमके तेच घडले, म्हणून ते कसे घडले आणि त्यानंतर आम्ही काय बदलले, हे येथे तपशिलाने नोंदवत आहे.

एक र, दोन रूपे

बिघाड समजण्यासाठी आधी अक्षराची गोष्ट सांगावी लागेल. मराठीत र पुढच्या व्यंजनाला दोन प्रकारे जोडला जातो. ‘सूर्य’ या शब्दात तो रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो, तर ‘पायऱ्या’ या शब्दात तो आडवा, अर्धा होऊन य च्या आधी येतो. हा फरक नुसत्या दिसण्याचा नाही, कारण उच्चार बदलतो आणि काही ठिकाणी अर्थही बदलतो. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. य प्रमाणेच ह च्या आधीही हा अर्धा र येतो, म्हणून वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हा नदी हे सगळे शब्द त्याच्यावर अवलंबून आहेत. मुंबईच्या छपाईला ही चिन्हे नवी नाहीत. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला तेव्हापासून याच परिसरात देवनागरीचा खिळा न् खिळा काळजीने घडवला आणि वापरला गेला आहे, आणि जुन्या जुळाऱ्यांच्या नजरेतून हा फरक सुटत नसे.

युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचे एक अदृश्य चिन्ह येते. त्याचा क्रमांक २००डी. दुसऱ्या रीतीत र ऐवजी खाली टिंब असलेला ऱ, म्हणजे ०९३१ या क्रमांकाचे अक्षर, आणि त्याला हलन्त येतो. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही रीती सारख्याच दिसतात. पहिल्या रीतीतील अदृश्य चिन्ह कोणी काढून टाकले, तर मात्र मागे साधा र आणि हलन्त उरतो, त्याचा लगेच रफार होतो आणि ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो. दुसऱ्या रीतीत काढून टाकण्यासारखे काही अदृश्य नसल्यामुळे हा धोका नसतो.

आमच्या साधनाच्या पहिल्या आवृत्त्या पहिली रीत वापरत असत. पुढे एका मोठ्या आवृत्तीत आम्ही दुसरी रीत स्वीकारली, आणि तो निर्णय योग्यच होता. त्याच आवृत्तीत आणखी एक बदल झाला. साधनात ‘क्लीन’ नावाचा एक पर्याय आहे. पूर्वी तो जादा मोकळ्या जागा आणि रिकाम्या ओळी एवढेच काढत असे. आता आपल्या मजकुरात जॉइनरची गरजच उरली नाही, असा विचार करून आम्ही त्या पर्यायाला सगळी अदृश्य चिन्हे काढून टाकण्याचेही काम दिले. बदल दोघांनी तपासला, सगळ्या चाचण्या पार पडल्या, आवृत्तीच्या टिपणात इंग्रजीत एक ओळ लिहिली गेली आणि आवृत्ती बाहेर पडली.

घटना

त्या पुस्तकाचा पूर्वार्ध ताईंनी फार पूर्वी, आमच्या जुन्या आवृत्तीच्या काळात, युनिकोडमध्ये आणला होता. त्याचे मुद्रितशोधनही तेव्हाच पूर्ण झाले होते. नंतर लेखकाच्या आजारपणामुळे काम थांबले. उत्तरार्ध पेजमेकर या पानजुळणीच्या जुन्या प्रोग्रामच्या फायलींत, जुन्या फाँटमध्ये पडून होता. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि युनिकोड त्याला कधीच कळला नाही, तरी मुंबईतल्या किती दुकानांत त्याच्या फायली अजून जपून ठेवलेल्या असतात, हे या धंद्यातली माणसे जाणतात. काम पुन्हा सुरू झाल्यावर ताईंनी उत्तरार्ध नव्या आवृत्तीतून काढला, दोन्ही भाग एकत्र जोडले आणि मोकळ्या जागा सगळीकडे सारख्या व्हाव्यात म्हणून संपूर्ण मजकुरावर ‘क्लीन’ चालवला.

उत्तरार्धात ऱ होता, म्हणून तो शाबूत राहिला. पूर्वार्धात जॉइनर होते, ते सगळे निघून गेले. पूर्वार्ध आधीच तपासून झालेला असल्यामुळे तो पुन्हा वाचण्याचे कोणालाही कारण नव्हते. नव्याने वाचला गेला तो फक्त उत्तरार्ध आणि त्यात एकही चूक सापडली नाही. सोळा-सोळा पानांचे दोन फॉर्म छापून झाल्यावर लेखकाने सहज एक कागद हातात घेतला, आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या वर्णनात त्यांना ‘समोर दिसणार्या खोल दर्या’ असे शब्द दिसले.

ताईंचा फोन आला तेव्हा मी चर्चगेटहून सुटलेल्या लोकलमध्ये होतो. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “अहो, आधी मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. म्हणून सगळं परत एकदा पडताळून बघितलं,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या पानावर लिहिलंय तसंच केलंय मी. तुम्ही एकदा येऊन बघता का?”

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. मॉनिटरशेजारी, भिंतीला सेलोटेपने चिकटवलेला एक कागद होता; आमच्या मार्गदर्शिकेच्या त्याच पानाची छापील प्रत. तिच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि मधल्या एका वाक्याखाली निळ्या पेनाने पट्टी धरून सरळ रेघ ओढलेली होती. ते वाक्य असे होते : ‘क्लीन हा पर्याय फक्त जादा मोकळ्या जागा व रिकाम्या ओळी काढतो; अक्षरांना हात लावत नाही.’ ते वाक्य मी लिहिले होते. लिहिले तेव्हा ते अक्षरशः खरे होते. त्या दिवशी सकाळी मी संकेतस्थळ उघडून पाहिले तेव्हाही ते तिथे तसेच होते.

त्यानंतरच्या दोन संध्याकाळी मी त्या दुकानात बसून मजकूर दुरुस्त करू लागलो. ‘क्लीन’ने मूळ फायलीवरच बदल लिहिले होते, त्यामुळे त्याआधीची प्रत उरली नव्हती. जुन्या फाँटमधील फायलीतून पूर्वार्ध पुन्हा काढून, बिघडलेल्या मजकुराशी शब्द न् शब्द ताडून पाहणे हाच मार्ग होता. ‘पायर्या’, ‘कोपर्यात’, ‘वार्याने’ असे शब्द मराठीत नाहीतच, म्हणून ते यादी करून एका झटक्यात बदलता आले. परंतु मुद्रितशोधनात लेखकाने जिथे वाक्येच्या वाक्ये नव्याने लिहिली होती, तिथे ताडून पाहायला जुनी प्रत नव्हती. ‘दर्या’ हा शब्द तर सरसकट बदलताच येत नव्हता, कारण त्याच पूर्वार्धात अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर एक प्रकरण होते आणि त्यात दर्या म्हणजे खरोखरच दर्या होता. ते प्रकरण ताईंनी मोठ्याने वाचले आणि मी पडद्यावर खुणा केल्या. वाया गेलेल्या कागदाचा आणि छपाईचा खर्च आम्ही चौघांनी वाटून घेतला. ताई तो घ्यायला तयार नव्हत्या. लेखकाच्या पदरी तो पडू नये, एवढ्यासाठीच त्यांनी शेवटी होकार दिला.

पान मागे कसे राहिले

पहिल्याच बैठकीत आमच्यातील एका सहकाऱ्याने असे मत मांडले की ही मुळात प्रोग्राममधील चूक आहे : बाहेरून येणाऱ्या मजकुरात जॉइनर असू शकतो हे आपण विसरलो, तो काढण्यापूर्वी त्याचा ऱ करायला हवा होता, तेवढे केले की विषय संपतो. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि ती दुरुस्ती आम्ही त्याच रात्री केली. परंतु विषय तेवढ्याने संपत नाही असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. नव्या आवृत्तीचे वर्तन पानावर खरे लिहिलेले असते, तर ताईंनी त्या मजकुरावर ‘क्लीन’ चालवलाच नसता. अदृश्य चिन्हे म्हणजे काय हे त्यांना आमच्यापेक्षा कमी कळत नाही. प्रोग्राममधील चूक त्यांना दिसणे शक्य नव्हते, पण पान त्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीवर होते.

मग ते पान मागे का राहिले? कोणी आळस केला म्हणून नव्हे. प्रोग्राम, त्याच्या चाचण्या आणि आवृत्तीचे टिपण हे सगळे एका गिट रिपॉझिटरीत, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फायलींच्या साठ्यात, होते. बदल करणाऱ्याने त्या रिपॉझिटरीत जे जे बदलायला हवे ते सगळे बदलले, आणि तपासणाऱ्यांनी त्यांच्यासमोर जे आले ते सगळे तपासले. मराठी मार्गदर्शिका मात्र एका वेगळ्या संकेतस्थळावर होती, तिचे व्यवस्थापन ब्राउझरमधून होत असे, आणि तिचा पासवर्ड ज्या एका सहकाऱ्याकडे होता तो नोकरीनिमित्त पुण्याला गेला होता. याशिवाय रिपॉझिटरीत प्रकल्पाची ओळख करून देणारी एक रीडमी फाइल होती, कोणीतरी सुरू करून सोडून दिलेला एक इंग्रजी विकी, म्हणजे अनेकांनी मिळून लिहायच्या पानांचा संच, होता आणि एका उत्साही शिक्षकांनी आमच्या पानांवरून तयार केलेली, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी एक पीडीएफ होती. एकाच पर्यायाचे वर्णन चार ठिकाणी होते, आणि प्रोग्राम बदलताना त्यांपैकी एकही ठिकाण बदलणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात येत नव्हते.

याहून खोल कारण मला त्या भिंतीवरच्या कागदासमोर उभा असताना उमगले. आम्हा चौघांपैकी कोणालाही ते पान उघडण्याची गरजच पडत नसे. साधन कसे चालते हे आम्हाला ठाऊक होते. काही अडले तर आम्ही थेट कोड वाचत होतो. ज्यांना पान दुरुस्त करता येते ते पान वाचत नाहीत, आणि जे वाचतात त्यांना पान चुकले आहे हे कळत नाही, कारण ते आधी स्वतःवर संशय घेतात. ताईंनीही तेच केले होते. पुढे विचारल्यावर आणखी दोघा-तिघांनी सांगितले की, पानात लिहिल्याप्रमाणे काही पर्याय चालत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले होते. परंतु आपल्यालाच नीट जमत नसेल असे समजून ते गप्प बसले होते. ही माहिती मला त्या छापील फॉर्मइतकीच अस्वस्थ करून गेली.

त्या पानाला तारीख नव्हती, आवृत्तीचा क्रमांक नव्हता. शोधयंत्रात आमच्या साधनाचे नाव टाकले की तेच पान सर्वांत वर येत असे, कारण वर्षानुवर्षे लोकांनी त्याचेच दुवे ठिकठिकाणी दिले होते. जे पान सर्वांत जुने तेच सर्वांत ठळक, अशी स्थिती होती. जे पान नसतेच, त्याच्या जागी वाचक निदान कोणाला तरी विचारतो. एके काळी खरे असलेल्या पानावर तो विश्वास ठेवतो, आणि जितका काळजीपूर्वक वाचणारा माणूस, तितका तो त्या पानाने जास्त अडचणीत येतो.

काय बदलले

चुकीच्या पानावर तातडीने एक इशारा लावावा एवढे साधे काम करायलाही आम्हाला दोन दिवस लागले, कारण पासवर्ड मागवावा लागला. म्हणून पहिला निर्णय तोच झाला : मार्गदर्शिका प्रोग्रामच्याच रिपॉझिटरीत आणायची. पाने साध्या मजकुराच्या फायली झाली, त्यांपासून संकेतस्थळ तयार करण्यासाठी स्फिंक्स घेतले. हे साधन पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनसाठी घडवले गेले आणि २००८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. पाने प्रसिद्ध करण्यासाठी रीड द डॉक्स ही सेवा घेतली. ती २०१० पासून मुक्त स्रोत प्रकल्पांना हे काम विनामूल्य करू देते आणि प्रत्येक आवृत्तीची पाने वेगवेगळी जपते. आता जुन्या आवृत्तीची पाने पुसली जात नाहीत. त्यांच्या माथ्यावर ती कोणत्या आवृत्तीची आहेत हे दिसते आणि ताज्या आवृत्तीच्या त्याच पानाकडे नेणारा दुवा असतो.

दुसरा निर्णय अधिक महत्त्वाचा आणि पाळायला अधिक कठीण आहे. वापरकर्त्याला जाणवेल असा कोणताही बदल, संबंधित पान त्याच पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल सामील करून घेण्याच्या विनंतीत, बदलल्याशिवाय स्वीकारायचा नाही. हा नियम आमचा शोध नाही. जँगो या संकेतस्थळे बांधण्याच्या वेब-चौकटीच्या प्रकल्पात ही प्रथा फार पूर्वीपासून आहे, आणि त्यांच्या डॉक्युमेंटेशनचा लौकिक मुख्यतः तिच्यामुळे आहे असे माझे मत आहे. अमुक गोष्ट अमुक आवृत्तीपासून बदलली, अशी खूण पानातच नोंदवण्याची सोय स्फिंक्समध्ये असते. आज ‘क्लीन’च्या वर्णनाखाली अशी खूण आहे, आणि पूर्वी हा पर्याय काय करत असे हेही तिथे एका वाक्यात लिहिलेले आहे, कारण ताईंसारख्या माणसाला नव्या नियमाइतकीच जुन्या नियमाची आठवण उपयोगी पडते.

पानातील उदाहरणे आपोआप तपासली जावीत म्हणून आम्ही डॉकटेस्ट वापरू लागलो. पायथनसोबत २००१ पासून येणारी ही सोय पानात लिहिलेली आज्ञा खरोखर चालवते आणि पानात लिहिलेले उत्तर खऱ्या उत्तराशी ताडून पाहते. येथे एक अडचण आली, ती सांगण्यासारखी आहे. पहिली चाचणी अर्थातच ‘दऱ्या’ या शब्दाची लिहिली. ती नापास झाली. अपेक्षित उत्तर आणि मिळालेले उत्तर पडद्यावर एकाखाली एक छापले होते, आणि दोन्ही हुबेहूब सारखी होती. अर्धा तास दोघेजण त्या दोन ओळींकडे पाहत होते. शेवटी कळले की, पान लिहिणाऱ्याच्या कळफलकाने अर्धा र जॉइनर घालून टंकला होता आणि साधन ऱ देत होते. म्हणजे शिळेपणाचे जे कारण डोळ्यांना दिसत नव्हते, ते खुद्द नव्या पानातही शिरले होते. तेव्हापासून अशा उदाहरणांत आम्ही शब्दासोबत त्यातील प्रत्येक चिन्हाचे युनिकोडमधील नावही छापतो. पान थोडे रुक्ष दिसते, पण आता वाचणाऱ्यालाही फरक दिसतो आणि तपासणाऱ्यालाही.

भाषेचा प्रश्न यापेक्षा अवघड निघाला. सुरुवातीला आम्ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत घेतली : मूळ पान इंग्रजीत आणि मराठी अनुवाद गेटटेक्स्ट या अनुवादासाठीच्या साधनाच्या फायलींत. या पद्धतीत मूळ वाक्य बदलले की त्याच्या जुन्या अनुवादावर ‘फझी’ असा शिक्का बसतो, आणि कोणी तो अनुवाद पुन्हा पाहून शिक्का काढेपर्यंत वाचकाला त्या जागी इंग्रजी वाक्य दिसते. एका सहकाऱ्याने याला जोरदार हरकत घेतली. मराठी पानात मध्येच इंग्रजी वाक्य आले की आपला वाचक पुढे वाचणारच नाही, असे त्याचे म्हणणे होते. मला विचाराल तर चुकीच्या मराठी वाक्यापेक्षा बरोबर इंग्रजी वाक्य परवडते. निदान ते पाहून वाचक थबकतो. तरीही त्याच्या हरकतीत तथ्य होते, कारण आमचे बहुतेक वापरकर्ते मराठीच वाचतात आणि त्यांची पाने कायम अनुवाद म्हणून दुसऱ्या नंबरवर ठेवणे हेच मुळात उलटे होते. शेवटी आम्ही बाजू बदलली. वापरकर्त्यांच्या मार्गदर्शिकेचे मूळ पान आता मराठीत लिहिले जाते आणि इंग्रजी हा तिचा अनुवाद असतो. कोड लिहिणाऱ्यांसाठीची पाने इंग्रजीतच राहिली. मराठी न येणाऱ्या कोणी बदल पाठवला, तर त्याने काय बदलले ते इंग्रजीत लिहायचे, त्या पुल रिक्वेस्टला ‘मराठी पान बाकी’ असे लेबल लागते आणि ते निघेपर्यंत बदल स्वीकारला जात नाही.

प्रत्येक पानाच्या तळाशी आता दोन तारखा असतात. ‘शेवटचा बदल’ ही तारीख गिटकडून आपोआप येते, पण तिच्यावर विसंबून राहणे धोक्याचे असते, कारण कोणी एखादी वेलांटी दुरुस्त केली तरी पान ताजे दिसू लागते. म्हणून ‘शेवटची पडताळणी’ ही दुसरी तारीख माणसाने हाताने लिहायची, आणि तीही पानातील सगळ्या पायऱ्या ताज्या आवृत्तीवर स्वतः करून पाहिल्यावरच. पडताळणी शक्यतो ज्याने पान लिहिले नाही त्याने करायची. दर आवृत्तीआधी काही पाने ताई करून पाहतात. त्या कागद आणि पेन घेऊन बसतात, आणि जिथे अडतात तिथे त्या ओळीखाली तशीच पट्टीने रेघ ओढतात.

जे जमले नाही, आणि जे अजून बाकी आहे

घटनेनंतर लगेच आम्ही दादरला एका सभागृहात डॉक्युमेंटेशनसाठी एक अख्खा दिवस ठेवला होता. बरीच माणसे आली, मनापासून बसली आणि संध्याकाळपर्यंत नवी पाने भराभर तयार झाली. पुढच्या आवृत्तीपर्यंत त्यांतली कित्येक शिळी झाली, कारण त्या दिवशी पाने वाढली होती, ती सांभाळणारे हात वाढले नव्हते. उलट, काही महिन्यांनी आमच्यातील दोघांनी बसून जवळजवळ निम्मी पाने काढून टाकली, तो दिवस खरा उपयोगाचा ठरला. एकाच गोष्टीचे दोन ठिकाणचे वर्णन त्यांनी एका ठिकाणी आणले, विकी बंद केला आणि रीडमीमध्ये फक्त मार्गदर्शिकेचा पत्ता ठेवला. काढलेल्या प्रत्येक पानाचा जुना पत्ता मात्र नव्या पानाकडे वळवून दिला, कारण ते जुने पत्ते लोकांच्या कागदांवर आणि निरोपांत अजून जिवंत आहेत. लिहिणाऱ्याला पान पुसताना जीव तुटतो, हे मी माझ्यावरून सांगतो. तरी राहिलेल्या पानांची काळजी घेणे त्याच दिवसापासून आमच्या आवाक्यात आले.

दुवे तपासणारा एक प्रोग्रामही आम्ही प्रत्येक बदलासोबत चालवून पाहिला. बाहेरची संकेतस्थळे क्षणभर बंद असली तरी तो लाल खूण दाखवत असे, आणि थोड्याच दिवसांत सगळ्यांना लाल खुणेकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागली. ही सवय खऱ्या चाचण्यांपर्यंत पोहोचेल या भीतीने आम्ही तो आठवड्यातून एकदा आणि वेगळा चालवू लागलो.

नव्या नियमाची किंमतही पडली आहे. एका तरुणाने जुन्या एका फाँटच्या तक्त्यातील चूक शोधून दुरुस्ती पाठवली होती. पान लिहायला त्याला वेळ नव्हता, आम्हालाही सवड मिळाली नाही, आणि ती उपयुक्त दुरुस्ती कित्येक आठवडे लेबल लावून पडून राहिली. तो पुन्हा आमच्याकडे आला नाही. अशा वेळी पान आपणच लिहून टाकावे, नियम योगदान देणाऱ्याला हाकलण्यासाठी नसतो, असे आम्ही त्यानंतर ठरवले. पण ते आधी सुचायला हवे होते.

त्या पीडीएफचे काय करायचे, याचे उत्तर आम्हाला सापडलेले नाही. ज्या शिक्षकांनी ती केली त्यांनी नवी पीडीएफ आनंदाने करून दिली, पण जुनी प्रत कोणाकोणाच्या फोनमध्ये आहे हे त्यांनाही सांगता येत नाही. म्हणून साधनातच काही सोयी केल्या. सुरू होताना ते आपला आवृत्ती-क्रमांक आणि त्याच आवृत्तीच्या मार्गदर्शिकेचा पत्ता दाखवते. ‘क्लीन’ आता मूळ फायलीवर लिहीत नाही, नवी फाइल करतो. मजकुरात जॉइनर असलेला अर्धा र सापडला तर आधी त्याचा ऱ करतो, आणि असे किती ठिकाणी केले ते मराठीत सांगतो.

गेल्या आठवड्यात डोंबिवलीहून एका गृहस्थांचा फोन आला. वडिलांच्या जुन्या कविता ते युनिकोडमध्ये आणत होते. बोलता बोलता ते म्हणाले, “तो क्लीन पर्याय अक्षरांना हात लावत नाही ना?” ते शब्द कोठून आले हे मला लगेच कळले. मी त्यांना पडद्यावरचा आवृत्ती-क्रमांक वाचून दाखवायला सांगितले, त्या आवृत्तीच्या पानाचा दुवा पाठवला, आणि पीडीएफविषयीच्या आमच्या इश्यूमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या अडचणींच्या यादीतील नोंदीत, त्या फोनची नोंद केली. तो इश्यू अजून उघडा आहे.